वाणाची पुस्तकं

श्रीनिवासची बैलबंडी बरकतपुऱ्याहून परत आली तेव्हा तिच्यात एक फाटकं पंचांग होतं, आणि तेही वाचनालयाचं नव्हतं.

"एवढंच?" नरहरनं ओसरीवरूनच विचारलं.

"दादा, लोक म्हणायलेत सापडत नाहीत."

"सगळ्यांचीच सापडत नाहीत? एका घरात नाही सापडली तर समजू शकतं. अख्ख्या बरकतपुऱ्याला एकाच वेळी विसरभोळेपणा झाला का?"

श्रीनिवासनं धोतराच्या सोग्यानं मान पुसली. तो तुरुंगातून सुटून आल्यापासून त्याच्या अंगात नुसता वारा भरला होता. रोज नवी योजना. नामपल्लीला शाखा, सिकंदराबादला शाखा, तेलुगू आणि उर्दू पुस्तकांची वेगळी अल्मारी, सगळ्यांना दार उघडं. शाखांच्या गोष्टी करणाऱ्या या धाकट्या भावाच्या बंडीत आज एक पंचांग होतं, हे पाहून नरहरला हसू आलं आणि ते हसू त्यानं लपवलं नाही.

नल्लकुंट्याच्या त्या घराचा दिवाणखाना तर सजून बसला होता. भिंतींना नवा चुना, दाराला आंब्याची डहाळी, अल्मारीच्या फळ्या सोड्यानं धुऊन उन्हात वाळवलेल्या. आज रथसप्तमी. दिवेलागणीला शारदा मराठी वाचनालय पुन्हा उघडायचं होतं. नारायणगुड्याचे डॉक्टर, दोन वकील, विवेकवर्धिनी शाळेच्या मंडळींपैकी पाचपन्नास पुढारी, सगळ्यांना सांगावे गेले होते. मांडव तयार, वाजंत्री तयार, नवरीचाच पत्ता नव्हता.

नवरी, म्हणजे पुस्तकं, गेली कुठे, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या साली संक्रांतीच्या सुमारास, रझाकारांचा धुमाकूळ चाललेला आणि श्रीनिवास चंचलगुड्याच्या तुरुंगात असताना, घराची झडती होणार अशी कुणकुण लागली. मराठी पुस्तकं म्हणजे चळवळ, असा तेव्हाचा हिशेब. दोघा भावांचे वडील भगवंतराव तहसीलदारीतून निवृत्त झालेले, कायद्याचे पक्के. त्यांना काही सुचेना. सुचलं ते त्यांच्या पत्नीला, सावित्रीबाईंना. त्यांनी हळदीकुंकू केलं आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीला वाण म्हणून एकेक पुस्तक दिलं. बायकांनी ती पदराखाली घेतली आणि भर दिवसा, शिपायांच्या समोरून घरोघर नेली. झडतीला आलेल्या अंमलदाराला रिकाम्या अल्माऱ्या दिसल्या. तो तिळगूळ खाऊन, "बहोत खूब" म्हणून निघून गेला. त्या बहादुरीची गोष्ट पुढे वर्षभर या घरात सणासुदीला सांगितली जात होती.

सप्टेंबरात हिंदी फौज आली, निशाण बदललं. मग भगवंतरावांनी आपल्या तहसीलदारी हस्ताक्षरात नोटीस काढली: सर्व सभासदांनी आपापल्या घरची पुस्तकं रथसप्तमीपर्यंत जमा करावीत. नोटीस घरोघर वाचून दाखवली गेली. आणि एकही पुस्तक आलं नाही.

"अप्पा," नरहर दिवाणखान्यात शिरत म्हणाला, "आता बोलणं झालंच आहे तर स्पष्ट बोलतो. तुमचा शब्द होता."

भगवंतराव आरामखुर्चीत बसले होते. सकाळपासून त्यांनी जाकीट घातलेलं होतं, उद्घाटनाचं. ते काढावं की राहू द्यावं, एवढाच प्रश्न जणू त्यांच्यासमोर होता.

"आहे शब्द," ते म्हणाले. "दिवेलागणीपर्यंत फळ्या भरल्या तर वाचनालय. नाही भरल्या तर दिवाणखाना तुझ्या वकिलीला. लोकांनाच नको असेल तर मी कुणासाठी जागा अडवून बसू?"

"अप्पा!" श्रीनिवास ओरडला. "स्वराज्यात आपण वाचनालय बंद करणार? निजामाला जे जमलं नाही ते आपण करून दाखवायचं?"

"स्वराज्यात पुस्तकं चोरीला जायला लागली त्याला मी काय करू?"

नरहरला भांडण नको होतं, जागा हवी होती. त्याचे सीनियर, ज्यांच्या नामपल्लीच्या खोलीत तो दहा वर्षं बसत होता, ते बायकामुलांसकट कराचीला निघून गेले आणि खोलीला कुलूप लागलं. वकिली तो उर्दूत शिकला, अर्जदावे उर्दूत लिहिले, न्यायाधीशांसमोर उर्दूत भांडला. आता कोर्टात इंग्रजी येणार म्हणत होते. चाळिशीला आलेल्या माणसानं पुन्हा पहिलीत बसायचं. पक्षकार कमी झाले होते, जे उरले होते ते या ओसरीवर बसून कागद गुडघ्यावर ठेवून सही करत. कुणी कायद्याचा सल्ला विचारून महिना उलटला होता. हे सगळं तो अप्पांना सांगू शकला नाही, म्हणून नुसतं "तुमचा शब्द होता" एवढंच म्हणत राहिला.

आणि कोपऱ्यात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत, हिंमतराव चहा पीत बसले होते. हे नरहरच्या विधवा बहिणीचे, सरोजचे दीर. सकाळच्या गाडीनं बसमतहून आले होते आणि उद्याच्या गाडीनं भावजयीला घेऊन परत जाणार होते.

---

आत स्वयंपाकघरात विमल तिळाच्या वड्या कापत होती. नरहरची बायको असल्यामुळे ती आजपर्यंत ऑफिसच्या बाजूची होती, आणि का नसावी? तिच्या झोपायच्या खोलीत पलंगाखाली नवऱ्याच्या मिसली, खटल्यांच्या कागदांचे गठ्ठे, कपाटावर मिसली, पाळण्याच्या दोरीला टांगलेल्या मिसली. दिवाणखान्यात टेबल लागलं की हा पसारा एकदाचा तिथे जाईल. खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा लावायचा हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

पण मघापासून माजघरात खडखड ऐकू येत होती. तिनं डोकावून पाहिलं. सरोज आपली ट्रंक भरत होती. पांढरी लुगडी दोन, पंचा एक, आणि एक पुस्तक, जे ती ठेवत होती आणि पुन्हा काढत होती.

"वन्सं, हे काय?"

"भरून ठेवते वहिनी. उद्या सकाळी घाई नको."

"अजून दिवस मावळला नाही."

"बंडी मावळली ना." सरोज हसली. तिला हसता यायचं, हेच विमलला कधीकधी अवघड जायचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हापासून ती माहेरी होती. सासरहून मागणी यायची, अप्पा सांगायचे, "वाचनालय तीच पाहते, तिला सोडता येत नाही." वाचनालय तीच पाहायची हे खरं होतं. पण पाहायची ती आतून. पुस्तकांना पुठ्ठे घालणं, खळ लावणं, कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून दाराआडून पुढे करणं. दिवाणखान्यात पुरुष बसायचे. बायकांसाठी पुस्तकं घरचे पुरुषच निवडून न्यायचे, व्रतांची, लोणच्यांची.

"हिंमतराव वाईट नाहीत," सरोज म्हणाली. "त्यांनी खरं सांगितलं. आई थकल्यात, घरात काम करायला माणूस पाहिजे. एवढं खरं कोण सांगतं?"

विमलला एकदम रडू आलं. दुपारी तांदूळ निवडताना सुपाखाली उघडून ठेवलेली पुस्तकं तिला आठवली. ती सगळी सरोजनं दिलेली होती, आणि त्यातलं एकही लोणच्याचं नव्हतं.

तेवढ्यात श्रीनिवास पाणी प्यायला आत आला आणि माठाशीच करवादला. "माई, तुझ्या त्या मैत्रिणी! पुरुष आत जाऊन विचारतात, आतनं उत्तर काय येतं माहीत आहे? 'परत देण्यासारखं आमच्याकडे काही नाही.' चतुराबाईंनी तर दारात येऊन सांगितलं. तोंडावर! तेच वाक्य!"

सावित्रीबाई सुगडं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय म्हणाली ती? शब्द सांग."

"परत देण्यासारखं काही नाही."

विमलनं विळी बाजूला सारली. "अगंबाई!" ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "अगंबाई! भावजी, तुम्ही वाण परत मागायला गेला होता!"

"वाण कसलं? पुस्तकं."

"तुमची पुस्तकं असतील. त्यांचं वाण आहे. सासूबाईंनी हळदीकुंकू लावून, ओटी भरून दिलंय. दिलेलं वाण कुणी परत देतं का? देणारीच्या सौभाग्याला धक्का लागतो. म्हणजे मामंजींच्या जिवाला! त्या बायका मामंजींचा जीव सांभाळायल्यात अन् तुम्ही त्यांना चोर म्हणायलात!"

मग सावित्रीबाई मटकन पाटावर बसल्या. "मीच म्हटलं होतं देताना. पदरी पडलं, पवित्र झालं. प्रत्येकीला म्हटलं." त्यांनी कपाळावर हात मारला आणि लगेच त्यांना हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. एवढी हुशारीची युक्ती, सगळ्या घरानं वर्षभर मिरवलेली, आणि परत कसं आणायचं याचा विचार ना तहसीलदारांनी केला, ना वकिलांनी, ना त्यांनी स्वतः. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

"मग तू सांग ना त्यांना, माई," श्रीनिवास म्हणाला. "तू दिलंस, तूच माग."

"मी? देणारीनं मागायचं? तुझ्या बापाला मारतोस का?"

"मग अक्का मागेल."

कुणी काही म्हणायच्या आत सरोजच म्हणाली, "सवाष्णीचं वाण मी मागायचं? श्रीनिवास, तुरुंगात फार राहिलास तू."

विमल उठली. हात धुतले, कोयरी उचलली, त्यात हळद आहे का पाहिलं. नवऱ्याचं टेबल, पडदा, पलंगाखालच्या मिसली, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. ते जाऊ दिलं.

"कुठं चाललीस?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"बोलावणं करायला. रथसप्तमी आहे, हळदीकुंकवाचा आजचाच शेवटचा दिवस. परत द्या म्हणणार नाही. वाण घेऊन मिरवायला या म्हणणार. बसायची सोय दिवाणखान्यात."

"दिवाणखान्यात?" सावित्रीबाईंचा आवाज चढला. त्या घरात आल्यापासून त्या स्वतः दिवाणखान्यात कधी बसल्या नव्हत्या. क्षणभर त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जा. अंडाळम्मांकडे आधी जा, त्यांना आवरायला वेळ लागतो."

---

ऊन कलायला लागलं तशा बायका यायला लागल्या.

आधी दोघीतिघी, मग घोळका, मग गल्ली भरून. नल्लकुंट्याच्या, बरकतपुऱ्याच्या, काचीगुड्याच्या. काळ्या चंद्रकळा, नथी, केसांत अबोली. आणि प्रत्येकीच्या हातात, पदराबाहेर, सगळ्यांना दिसेल असं, पुस्तक. कुणी खणाची पिशवी शिवली होती, कुणी जरीच्या काठाचं वेष्टन घातलं होतं. त्या ओसरीवर नरहरच्या अंगावरून, "सरका हो भाऊ" म्हणत आत गेल्या आणि सरळ दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बसल्या.

"हे काय चाललंय?" नरहरनं विमलला दारात गाठून विचारलं.

"हळदीकुंकू."

"दिवाणखान्यात? तू... तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"तुमच्याच," विमल म्हणाली, आणि कोयरी घेऊन आत गेली. नरहरला हे उत्तर मुळीच आवडलं नाही.

अंडाळम्मा शेजारच्या तेलुगू घरातल्या. त्यांचं पुस्तक हळदकुंकवानं इतकं माखलेलं होतं की नाव दिसेना. "मला मराठी वाचायला येत नै अम्मा," त्या सावित्रीबाईंना म्हणाल्या. "पर तुम्ही दिले न, देवाचे असेल. रोज फूल घातले. आत नंदीचा चित्र पण आहे."

सरोज दाराआडून पाहत होती. तिनं पुस्तक ओळखलं. ते गुरांच्या रोगांवरचं होतं. ती तोंडात पदर कोंबून हसत सुटली. कितीतरी दिवसांत अशी हसली नव्हती.

दिवाणखान्यात तर नुसता गलका. जिला जे वाण आलं होतं ते तिनं वर्षभर वाचलं होतं, येत नसेल तर नातवाकडून वाचून घेतलं होतं. पुरुषांनी कधी घरी आणलंच नसतं असं सगळं. एकीला ग्रहणांवरचं पुस्तक आलं होतं, ती आता राहूकेतूला मानत नव्हती आणि सासूशी तिचं वाजलं होतं. एक रशियाबद्दल बोलत होती. दोघी जणी एका खुनाच्या गोष्टीवरून भांडत होत्या, कारण एकीकडे पहिला भाग गेला होता आणि दुसरीकडे दुसरा, आणि वर्षभर पहिलीला खुनी कोण ते कळलं नव्हतं.

"सांगू नकोस!" पहिली कानावर हात ठेवून ओरडली. "आण इकडे तो भाग!"

भगवंतराव उंबऱ्यात आले. इतकी पुस्तकं एकत्र पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी जाकिटाची गुंडी लावली. "वा! वा! फार उत्तम झालं. आता कृपा करून सगळ्यांनी पुस्तकं फळीवर ठेवावीत म्हणजे..."

"ठेवतो की," चतुराबाई म्हणाल्या. या बरकतपुऱ्याच्या मास्तरांच्या पत्नी, अंगानं भरदार, आवाजानं त्याहून. त्यांच्या वाट्याला सभा कशी चालवावी यावरचं पुस्तक आलं होतं आणि ते त्यांनी पोथीसारखं पाठ केलं होतं. त्या उभ्या राहिल्या. "पण आधी ठराव."

"कसला ठराव?"

"अध्यक्ष कोण आहेत? अध्यक्षांशिवाय मी बोलू शकत नाही."

"अध्यक्ष मी आहे," भगवंतराव म्हणाले. पस्तीस वर्षं मराठवाड्यात तहसीलदारी केलेल्या माणसाला नियम मोडणारं कुणी भेटलं तर काय करायचं ते माहीत होतं. नियमानं चालणारं कुणी भेटेल याची त्यांना सवय नव्हती.

"तर अध्यक्षमहाराज, माझा ठराव असा. ही पुस्तकं आमचं वाण आहे. ती परत दिलेली नाहीत आणि देणारही नाही. पण ती या दिवाणखान्यात राहतील, वाचायला सगळ्यांना मिळतील. दुपारी जेवणं आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंत इथे आम्ही बसणार. आणि पुस्तकं सांभाळायला सरोजताई. दुसरं कुणी नको. त्यांनीच पुठ्ठे घातलेत, कोणतं कुठलं त्यांनाच मालूम."

"अनुमोदन!" खुनाच्या गोष्टीवाली ओरडली.

दाराआड सरोजनं चौकट धरली. ओसरीवर हिंमतराव उभे राहिले. पुस्तकं यायला लागली तशी त्यांनी बिचाऱ्यांनी आनंदानं मदत केली होती, बायकांच्या चपला बाजूला लावल्या होत्या. आता त्यांना कळलं की आपण कशाला मदत केली.

"हे नियमात बसत नाही," भगवंतराव म्हणाले. "पुस्तकं संस्थेची आहेत. संस्थेचे सभासद आहेत ते... ते येणार आहेत, दिवेलागणीला. ठराव करायचा अधिकार त्यांचा."

"मग पुस्तकं घेऊन निघतो आम्ही," चतुराबाई म्हणाल्या. "चला गं."

सतरंजीवर बांगड्यांचा आवाज झाला. बायका उठायला लागल्या.

"थांबा, थांबा!" श्रीनिवास दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला. "अप्पा, कशाला अडवताय? वाचनालय असंच मोठं होतं! लोकांनी येऊन बळकावलं म्हणजेच होतं!"

"मी कायद्याचं विचारतोय, तू भाषण करतोस," भगवंतराव म्हणाले. त्यांनाही पुस्तकं जाऊ द्यायची नव्हती, आणि बेकायदा ठेवायचीही नव्हती. ते वळले. "नरहर. तू वकील आहेस. मला सल्ला दे. ही पुस्तकं कुणाची?"

नरहरनं बापाकडे पाहिलं. मग दिवाणखान्याकडे. किती सोपं होतं. "संस्थेची," एवढं म्हटलं की बायका चालत्या होणार, फळ्या रिकाम्या, अप्पांचा शब्द पक्का, आणि उद्या सकाळी खिडकीपाशी टेबल. कुणी त्याला दोष दिला नसता. विमलनंही दिला नसता कदाचित, ती भिंतीशी कोयरी धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघतही नव्हती.

पण प्रश्न कायद्याचा होता. आणि महिन्यानंतर कुणीतरी त्याला कायद्याचा प्रश्न विचारला होता. त्याच्या डोक्यात उत्तर आधीच उभं राहिलं होतं, अगदी जुन्या उर्दूत, सीनियरनं शिकवलेलं. ते दाबून ठेवणं त्याला जमेना.

"माईनं दिली तेव्हा तुमची आणि कमिटीची इजाजत होती?" त्यानं विचारलं.

"होती."

"माई, देताना काय म्हणालीस?"

"पदरी पडलं, पवित्र झालं."

"घेणारीनं घेतलं? उचलून घरी नेलं?"

"पदराखाली नेलं, भाऊ," चतुराबाई म्हणाल्या. "शिपायासमोरून."

"मग संपलं," नरहर म्हणाला. त्याचा आवाज आपोआप कोर्टातला झाला आणि त्याच्या गालांवर लाली आली. "अप्पा, याला आमच्याकडे हिबा म्हणतात. बक्षीस. देणाऱ्यानं दिलं, घेणाऱ्यानं घेतलं, कब्जा पोचला. हिबा मुकम्मल झाला. दुनियेतली कोणतीही अदालत हे परत देववू शकत नाही. निजामाची नाही आणि दिल्लीची पण नाही. पुस्तकं यांची आहेत. तुमच्या संस्थेकडे सध्या फक्त फळ्या आहेत."

श्रीनिवासनं थोरल्या भावाला मिठीच मारली. नरहर "अरे, अरे" करत राहिला. आयुष्यातला उत्तम युक्तिवाद आपण आपल्याच विरुद्ध केला, हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि तरी गेल्या कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"उपसूचना आहे," भिंतीशी उभी असलेली विमल म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "सकाळी कोर्टाच्या वेळेपर्यंत दिवाणखान्यात वकिलीचं टेबल लागेल. दुपारी ते कोपऱ्यात सरकवायचं. पक्षकारांनी पुस्तकांना हात पुसायचे नाहीत."

"ठरावात घेतली!" चतुराबाई म्हणाल्या. "मत घ्या अध्यक्षमहाराज. हात वर करायला सांगा. पुस्तकात तसंच आहे."

भगवंतरावांनी सांगितलं. बांगड्यांनी भरलेले हात वर गेले. अंडाळम्मांनी काय चाललंय ते न कळता दोन्ही हात वर केले. सगळ्यांत शेवटी, दिवाणखान्याच्या आतल्या दाराशी, सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे न बघता हात वर केला.

"मंजूर," भगवंतराव म्हणाले.

मग सावित्रीबाई दाराआड गेल्या आणि लेकीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या. पांढऱ्या लुगड्यातली सरोज हळदीकुंकवाच्या भर मेळाव्यात येताना थबकली. एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलंही. पण चतुराबाईंनी आपलं पुस्तक पुढे केलं, "हे घे गं, नीट ठेव, पानं दुमडलीत माझ्या नातवानं," आणि मग बाकीच्या उठल्या. सगळ्यांनाच आपलं पुस्तक आधी ठेवायचं होतं. सरोज दोन्ही हातांनी घेत होती, फळीवर लावत होती, "हळू, हळू, एकेक," म्हणत होती. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दिवे लागले. बाहेर ओसरीवर डॉक्टर आले, वकील आले, हार आले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसून वाचत होत्या, कुणी ओठ हलवत, कुणी शेजारणीला ऐकवत. खुनाच्या गोष्टीवालीला दुसरा भाग मिळाला होता आणि तिला घरी जायची मुळीच घाई नव्हती. निमंत्रित पुढारी चपला हातात घेऊन उभे राहिले. उद्घाटन कुणी कशाचं करायचं हे कुणालाच समजेना.

भगवंतराव त्यांच्यातच उभे होते. हे वाचनालय त्यांनी तरुणपणी एका पेटीवर सुरू केलं होतं. दिवसभर उर्दू कागद लिहून आलेले चार मित्र संध्याकाळी ती पेटी उघडायचे आणि आपली भाषा मोठ्यानं वाचायचे. ते चौघं आता नव्हते. असली गर्दी त्यांनी स्वप्नातही धरली नव्हती, आणि तिच्यात आपल्याला बसायला जागा नाही याचा त्यांना फार आनंद झाला.

हिंमतराव संकोचत त्यांच्याजवळ आले. "अप्पा, उद्याची गाडी... वहिनींची तयारी..."

"मला काय विचारता हिंमतराव?" भगवंतराव म्हणाले, आणि उंबऱ्यातून आत हाक मारली. "ग्रंथपालबाई!"

कुणीच वळून पाहिलं नाही. सरोजनंही नाही. त्या घरात या नावाचं कुणी नव्हतं.

"ग्रंथपालबाई," त्यांनी पुन्हा हाक मारली, तिच्याकडे पाहत. "तुम्हाला न्यायला पाहुणे आलेत. तुमची रजा मंजूर आहे का, विचारतायत."

सगळ्या वाचणाऱ्या माना वर झाल्या. बापानं लेकीला अहोजाहो केलेलं त्या गल्लीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"रजेचा अर्ज आल्याशिवाय कमिटी विचार करत नसते," चतुराबाईंनी सतरंजीवरूनच ठणकावलं.

सरोज पुस्तकांचा गठ्ठा उराशी धरून उभी होती. तिनं हिंमतरावांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, वकिलांकडे, दारातल्या सगळ्या पुरुषांकडे, मधे दार नसताना.

"मी अर्ज देणार नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला, पार गल्लीपर्यंत गेला, आणि तिनं तो खाली आणला नाही.